रुखवताचं खोकं

मला शिसारी लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. दुसऱ्याच्या ताटातला चमचा, बसच्या दांडीचा ओशटपणा, बेसिनमध्ये अडकलेला केसांचा गुंता, असलं काही दिसलं की माझं नाक लगेच मुरडतं. सासूबाई म्हणायच्या, "बाहेर पडताना तुझं नाक घरी ठेवून जात जा." मी कधी ठेवून गेले नाही.

तेव्हा पनवेलच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत एक कुरिअरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक गाळा. पुढे काउंटर आणि मागे फळकुटाच्या भिंतीआड पार्सलांचा ढीग. पायरीच्या दोन्ही कोपऱ्यांत पानाच्या पिंका. काउंटरची सनमायका एका बाजूने सुटलेली आणि त्या फटीत कित्येक वर्षांचा काळा चिकट मळ. वर खळीची बशी, तिच्यात मेलेल्या माश्या. त्या खळीला बोट लावून माणसं आपापल्या पाकिटांवर पत्ते चिकटवत होती. मी घरून सेलोटेप घेऊन जायची.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी तिथे एक खोकं घेऊन गेले. अकोल्याला ताईच्या लेकीचं लग्न होतं आणि मला जाता येणार नव्हतं. एप्रिलमध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यांना सोडून मी कुठे जाणार? तेव्हा लग्नाला माझ्याऐवजी ते खोकं जायचं होतं.

मी रुखवताच्या वस्तू करायची. नवीन पनवेलात मुंबईहून, पुण्याहून येऊन राहिलेल्या नोकरदार घरांत लग्नं बरीच व्हायची आणि रुखवत प्रत्येकीला हवं असायचं, पण करायला वेळ कुणालाच नसायचा. बहुतेक ठिकाणी जे मांडलेलं असायचं ते बघून मला मळमळायचं. सुपारीला डोळे चिकटवून केलेले भटजी, लोकरीची बदकं, थर्माकोलचा बंगला आणि त्याच्यासमोर हिरव्या भुश्शाची हिरवळ. मी तसलं करत नसे. मी कागदाच्या लगद्याची माणसं करायची. रद्दी तीन दिवस भिजवायची, कुटायची, पिळायची, त्यात मेथीची पूड घालायची आणि मैद्याची खळ. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. त्या भिजलेल्या रद्दीचा वास अख्ख्या जिन्याला यायचा, शेजारणी नाकाला पदर लावून वर जायच्या. मला तो कधी आला नाही. आपला वास आपल्याला येत नाही.

ताईसाठी मात्र मी जे केलं ते विकण्यातलं नव्हतं. दिवाळीनंतर तिचा फोन आला होता. म्हणाली, "माझ्या लेकीच्या लग्नात बाबा पाहिजेत. फोटो नको. फोटोला हार घालावा लागतो." आमचे वडील ताईच्या लग्नानंतर वर्षभरात गेले. भाचीने त्यांना पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, बघते. आणि सहा महिने बसून ताईच्या लग्नाचा मांडव केला. आम्ही वाढलो ती सरकारी क्वार्टर्सची गल्ली, तिच्यातला तो मांडव, बाजूला विहिरीचा रहाट, आणि बावीस माणसं. वीतभर उंचीची. प्रत्येकाला मी ओळखत होते. हातात पंखा घेतलेली आत्या, पातेलं उचलायला वाकलेला आचारी, फ्रॉकमध्ये मी. बाबा मांडवाच्या खांबापाशी उभे होते, मुठीत अक्षता, कोटाचं वरचं बटण उघडं. चष्मा मी तांब्याच्या बारीक तारेचा केला होता. तो नाकावर बसवायला एक रविवार गेला. बसला तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून दाखवला आणि रडले. तशी मी रडणारी बाई नाही.

बांधणीही मीच केली आणि मला तिचा फार अभिमान होता. खाली प्लायवूडची फळी, त्यावर सगळं तारेने पक्कं. प्रत्येक माणसाभोवती जुन्या मऊ लुगड्याची पट्टी. मध्ये कापूस, बाजूंना थर्माकोल, वर कागदाचे बोळे. एवढं करून एका कोपऱ्यात, विहिरीच्या वर, थोडी जागा राहिली. तिथे मी ओटी ठेवली. खण, पिशवीत तांदूळ, हळद-कुंकवाच्या पुड्या आणि नारळ.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ओटी हाताने भरतात. पार्सलने पाठवत नाहीत कुणी."

"मला जायला मिळालं असतं तर हातानेच भरली असती ना!" मी म्हटलं. घरात कोण पडलं होतं म्हणून जाता येत नव्हतं हे त्यांना बरोबर कळलं. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी खोकं बंद केलं.

काउंटरवर जो माणूस बसायचा तो उरणच्या बाजूचा होता, खाडीकाठच्या एका गावातला. पस्तिशीचा असेल. घरी मासेमारी, हा एकटा नोकरीला. मी गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि तो काउंटरवरच डबा उघडून जेवत होता. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या गाळ्यात पंखा नाही, मे महिना, आणि तो वास. मी पदर नाकाला लावला. त्याने घाईघाईने डबा झाकला, हात पँटला पुसले आणि खोकं ओढून घेतलं. उचलून कानाशी धरलं, थोडं कलतं केलं.

"आत काय हाय म्याडम?"

"शोभेची वस्तू."

"खायाचा काय नाय ना? नासनारा?"

"नाही."

मी खोटं बोलले नाही. ओटीतला नारळ ही खाण्याची वस्तू आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ओटी ती ओटी. ते काही सामान नसतं.

त्याने पुन्हा खोकं कलतं केलं. "काय तरी गडगडताय आत. जरा उघरून बघू. परत बांदून देतो, आमच्याकडं रुंद पट्टी हाय." आणि त्याने खोक्याच्या कडेला नख लावलं. त्या नखात चटणीचा लाल कण होता.

"हात लावू नका," मी म्हणाले. "तुमच्या हाताला वास येतोय."

माझ्यामागे तीन-चार माणसं उभी होती. कुणीतरी हसलं. त्याने हात मागे घेतले, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पावती फाडली. मी 'नाजूक वस्तू' असं लाल स्केचपेनने सहा बाजूंना लिहिलेलं होतंच. मी बाहेर आले, कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून लिंबू घेतलं आणि त्याची साल नाकाशी धरून रिक्षात बसले.

लग्नाच्या चार दिवस आधी ताईला फोन केला. म्हणाली, "नाही गं आलं अजून." दोन दिवस आधी केला. "नाही आलं." लग्नाच्या दिवशी सकाळी मीच पुन्हा केला तेव्हा मागे सनई वाजत होती आणि ताई ओरडून बोलत होती. "जाऊ दे आता. रुखवत मांडलंय, शेजारच्या बायकांनी दिलंय काय काय. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी विचारलं, "काय काय दिलंय?" ती म्हणाली, "बदकं."

मी फोन ठेवला आणि तशीच पायात चप्पल घालून कुरिअरच्या ऑफिसात गेले.

पुढचे तीन आठवडे मी त्या माणसाचा पिच्छा पुरवला. तो एकच सांगायचा, "पोचलाय म्याडम. सई हाय." पोचल्याच्या कागदाची झेरॉक्स त्याने मागवून घेतली. तिच्यावर नाव-पत्ता ताईचा आणि सहीच्या जागी शाईचा एक फराटा. मी ताईला फोन करून विचारलं, "तू सही केली होतीस का?" ती म्हणाली, "लग्नाच्या गडबडीत किती जण आले नि गेले. मला नाही आठवत." मला एवढं पुरेसं होतं. मी झेरॉक्स त्याच्यासमोर आपटली. "ही सही खोटी आहे. तुम्ही लोकांनी केलीय."

"मी खोटी सई नाय केली," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमी सवता चला गोडावनला. बघा."

पळस्प्याच्या फाट्याजवळ त्यांचं गोदाम होतं. आम्ही विक्रम रिक्षातून गेलो. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, मुद्दाम, माझ्यापासून लांब. ते गोदाम मला अजून स्वप्नात दिसतं. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं. कुणाच्या तरी आंब्याच्या पेट्या सडून त्यांचा पिवळा रस जमिनीवर वाहिला होता आणि त्यात चपलांचे ठसे. लोणच्याची बरणी फुटून तेल पाकिटांच्या एका गोणीत मुरलं होतं. काच फुटलेलं एक चित्र, पाण्याच्या मोटारीखाली. कुण्या बाईने बसून भरलेला मोरांचा कशिदा, त्यावर उंदराच्या लेंड्या. एका खोक्यावर माझ्यासारखंच लाल अक्षरांत 'सांभाळून' लिहिलेलं होतं आणि त्याच्यावर एक हमाल बसून तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "उठा तिथून!" तो म्हणाला, "ह्येच एक मजबूत हाय, मंग बसाचा कुठं?"

काउंटरवाला मात्र ढीग उपसत होता. दोन तास. शर्ट पाठीला चिकटला, कोपराला पत्रा लागून रक्त आलं. माझं खोकं तिथे नव्हतं. परत येताना तो म्हणाला, "म्याडम, तिथं अकोल्यालाच बघा." मला वाटलं, हा आता ढकलतोय. इतक्या लोकांची हातांनी केलेली कामं या चिखलात टाकणारी ही माणसं, यांच्यावर कसला विश्वास ठेवायचा? मला त्या सगळ्या जगाचीच किळस आली होती आणि तो त्या जगाचा मला दिसणारा चेहरा होता.

घरी येऊन डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं आणि तक्रार लिहायला बसले. त्यांच्या वरच्या ऑफिसला आणि गाळ्याच्या मालकाला. माझं अक्षर चांगलं आहे आणि भाषाही. आपला कर्मचारी खोट्या सह्या करून पार्सलं गायब करतो असं लिहिलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढे लिहिलं की हा मनुष्य काउंटरवर बसून मासळी खातो, त्याच हातांनी ग्राहकांच्या वस्तू हाताळतो आणि सभ्य स्त्रियांना तिथे उभं राहणं अशक्य होतं. आमच्या भिशीतल्या बारा जणींनी खाली सह्या केल्या. त्यांतल्या किमान चौघींनी आयुष्यात कधी कुरिअर केलं नव्हतं.

पंधरवड्यात तो माणूस काउंटरवरून गेला. त्याच्या जागी एक टापटीप मुलगी आली, खळीची बशी गेली, काउंटरवर प्लास्टिकची फुलं आली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्यानंतर मी लगद्याला हात लावला नाही. रद्दी दिसली की ते गोदाम आठवायचं. ऑर्डरी आल्या, मी नाही म्हटलं. शेजारणी म्हणायच्या, "जिना कसा मोकळा झाला हो!"

दिवाळीपर्यंत सासूबाई काठीने चालायला लागल्या आणि नणंद चार दिवस राहायला आली, तेव्हा मी अकोल्याला गेले. ताईकडे दिवाळीची झाडलोट चालू होती. ताई बाजारात गेली होती. मी म्हटलं, हिचा माळा आवरून टाकू. स्टुलावर चढले. पितळी पातेल्यांच्या मागे गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ओढलं. गोणपाट सरकलं आणि लाल स्केचपेनमधली माझीच अक्षरं दिसली.

मी ते खाली उतरवलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलं आणि उघडलं. आतमध्ये आणखी दोन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, गाठ मारलेल्या. गाठ सोडल्यावर जो भपकारा आला त्याने मी मागे सरकले. खवट, आंबट, कुबट. नारळ फुटून दोन भकलं झालेली होती, आतलं खोबरं काळंनिळं आणि त्यावर केसाळ बुरशी. त्याचं पाणी सगळ्या मांडवात मुरलं होतं. खळ आंबली होती, लगदा फुगून फुटला होता. तांदळात पोरकिडे. हळद आणि कुंकू कालवून जो राप सगळीकडे बसला होता तो वाळलेल्या रक्तासारखा दिसत होता. नारळ जाताना कुठून कुठे गेला तेही दिसत होतं. आधी विहीर, मग आत्या, मग आचारी, मग खांब. बाबांचं डोकं नव्हतं. कोट होता, उघडं बटण होतं. चष्मा तळाशी तांदळात सापडला, हिरवा पडलेला.

मी ओकले. बेसिनपर्यंतही पोचले नाही.

ताई पिशव्या घेऊन आत आली तेव्हा मी फरशी पुसत होते. तिने खोकं बघितलं आणि पिशव्या हातात तशाच ठेवून दारात बसली.

"चार दिवस आधी आलं होतं," ती म्हणाली. "मीच सही केली. उघडलं तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. ओटीचा नारळ नासका निघाला हे आत्याच्या कानावर गेलं असतं, तर? व्याह्यांच्या कानावर गेलं असतं, तर? लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. कुठे टाकू? टाकायला गेले तरी कुणीतरी विचारणार. गुंडाळून वर ठेवलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सहा महिने केलंस आणि तुझ्याच नारळाने फोडलंस म्हणून? तेही लग्नाच्या दिवशी?" तिचा आवाज चढला. "म्हटलं, कुरिअरवाल्यांना दोन शिव्या देशील आणि मोकळी होशील. त्यांना रोजच्याच असतात. त्यांचं काय बिघडणार होतं?"

मी तिला म्हटलं, "त्याची नोकरी गेली." तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी माझा पराक्रम तिला कळवलेला नव्हता. मग तिने विचारलं, "कुणाची?" आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. तक्रारीतसुद्धा मी 'काउंटरवरील इसम' असंच लिहिलं होतं.

पनवेलला आल्यावर मी आधी गाळ्याच्या मालकाकडे गेले. सही खरी होती, चूक माझी होती, असं पत्र लिहून नेलं होतं. त्याने ते अर्धंच वाचलं आणि हसला. "अहो मॅडम, कशाला जुनं उकरता? तुमचं पत्र आलं ते एका अर्थी बरंच झालं. मलाही तो माणूस काउंटरला नकोच होता. वास मारायचा." आणि असं म्हणून त्याने नाकाशी दोन बोटं हलवली. अगदी मी हलवते तशी. त्या माणसाच्या कपाळाला गंध होतं, शर्टाला इस्त्री होती, टेबलावर उदबत्ती जळत होती, आणि मला त्याची जेवढी किळस आली तेवढी पळस्प्याच्या गोदामातही आली नव्हती. त्याची आली की माझी, ते तेव्हा नीट कळलं नाही. पत्ता विचारला. म्हणाला, जासईला एका कंटेनर यार्डात लोडिंगला असतो.

जासईचा रस्ता म्हणजे ट्रेलरांची रांग आणि धूळ. यार्डाच्या गेटपाशी तासभर उभी राहिले. तो बाहेर आला तो डोक्याला फडकं बांधून, आणि मला बघून तिथेच थांबला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नारळ, ताई, माळा, मालक. माझं झाल्यावर तो म्हणाला, "खोका हलवून बघाचा. आवाज आला तर परत उघराचा. जड आनि हलका एका खोक्यात नाय घालाचा. तेच सांगत होतो मी."

आज मी पुन्हा वस्तू करते आणि लांब लांब पाठवते, तेव्हा त्याचंच ऐकते. प्रत्येक माणूस वेगळ्या डबीत, डब्या मोठ्या खोक्यात, मध्ये चार बोटं भुसा, आणि बांधायच्या आधी खोकं कानाशी धरून हलवायचं. ओल असलेलं काही आत नाही, मग ते देवाचं असो. आणि पार्सल घेणाऱ्याला सांगते, उघडून बघा. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी फक्त पर्स उघडली आणि मालकाला दिलेल्या पत्राची दुसरी प्रत त्याच्यापुढे धरली.

"ह्या कागदाचा मी काय करू?" तो म्हणाला. "कामाचा काय नाय, काम हितं पन हाय. पर माजा बा माज्याशी बोलत नाय. चार महिने झाले. आमच्या घरान कोनी चोरी नाय केली कदी. त्याला गावान कोनीतरी सांगितला, पोरान खोटी सई केली. तुमी येऊन त्याला सांगा."

त्याची पाळी संपेपर्यंत थांबले आणि त्याच्याबरोबर गेले. गाव खाडीच्या कडेला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर सुकट वाळत घातलेली, तिच्यावर माश्यांचं मोहोळ, मध्ये गटाराचं पाणी, एक कुत्रं मासळीचं डोकं घेऊन पळत होतं. मी पदर नाकाला लावला नाही. वाटेतच मी मनाशी ठरवलं होतं की त्यांनी पाणी दिलं तर प्यायचं, चहा दिला तर कप न पुसता प्यायचा, खायला जे पुढे करतील त्यातला एक घास तरी घ्यायचा. मला हे फार मोठं काहीतरी वाटत होतं.

म्हातारा ओट्यावर जाळं विणत बसला होता. मुलगा खाली उभा राहिला आणि मी कठड्यावर टेकले. पुन्हा सगळं सांगितलं. सही खरी होती, पार्सल वेळेवर पोचलं होतं, तुमच्या मुलाने काही चोरलं नाही, मी खोटं लिहिलं. म्हाताऱ्याची सुई चालू होती. घरातून एक बाई दारापर्यंत येऊन ऐकत उभी राहिली.

मग त्याने वर बघितलं. "यो बोलला होता ना तुमाला, आत काय तरी गडगडताय म्हनून? मंग उघराला का नाय दिला?"

मुलगा म्हणाला, "जाव दे बा." मी घाईत होते असं सांगता आलं असतं. बांधलेलं खोकं पुन्हा सोडायचा कंटाळा आला, असंही सांगता आलं असतं.

"त्याच्या हाताला मासळीचा वास येत होता," मी म्हणाले, "म्हणून."

सुई थांबली. म्हाताऱ्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्याने मुलाकडे बघितलं. मग म्हणाला, "सांजचा ये होरीवर. जाली वराला मानूस नाय." मुलाने जाळी ओढायला येतो म्हणून मान हलवली आणि पायरी चढून वर आला. त्याच्या शेजारी बसून त्याने जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

दारातली बाई आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, मडक्यावरचं झाकण काढल्याचा, तांब्या बुडवल्याचा. मी पदराने कपाळ पुसलं आणि सरळ बसले. ती बाहेर आली, तिने सासऱ्याला पाणी दिलं, नवऱ्याला दिलं आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

मी आणखी थोडा वेळ बसून राहिले. मला कुणी विचारलं नाही.